भट्टीपाशी मुक्काम

सिरॅमिकमध्ये पाय रोवू पाहणाऱ्या नव्या कलाकाराची खरी अडचण कल्पनेची नसते, भट्टीची असते. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये चाक मावतं. पण स्टोनवेअरसाठी १२०० अंश सेल्सिअसच्या वर तापणारी भट्टी ठेवायची कुठे? रेसिडेन्सी इथे उपयोगी पडते. काही आठवडे किंवा महिने राहायला जागा, माती, सामायिक भट्टी आणि जाणत्यांची सोबत मिळते.

त्यातही सर्वांत मोलाचा असतो तो वेळ. भांडं सावकाश वाळवावं लागतं, घाई केली की तडकतं. मग साधारण ९०० ते १००० अंशांवर पहिली भाजणी, नंतर झिलई आणि दुसरी भाजणी. झिलईत एक-दोन टक्के लोह असेल आणि भट्टीत हवा कोंडली, तर हिरवट छटा येते. हवा मोकळी खेळली तर तीच झिलई पिवळसर होते. विक्रीच्या ऑर्डरी सांभाळत असे चाचणीचे तुकडे पुन्हा पुन्हा कोण भाजणार?

सुरेश जयराम यांनी बंगळुरूच्या शांतीनगरात उभं केलेलं ‘१ शांतीरोड’ कलाकारांच्या अशा मुक्कामांसाठी ओळखलं जातं, मात्र तिथे सगळ्याच दृश्यकलांना जागा आहे. निव्वळ मातीकामासाठी अनेकांनी पुदुच्चेरीची वाट धरली. तिथली गोल्डन ब्रिज पॉटरी रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये सुरू केली.

मला वाटतं, बंगळुरूत आलेल्या कलाकाराने पॉटरी टाउनही गाठावं. तिथली कुंभार कुटुंबं पिढ्यानपिढ्या मडकी, पणत्या, गणपती घडवत आली आहेत. रेसिडेन्सी चालवणाऱ्यांनी त्यांना शिकवायला बोलवावं, आणि मानधनही द्यावं.