खतावणीतला पूर्वज

श्रीलंकेतल्या एखाद्या बर्गर घरात विचारलं की तुमचा मूळ पुरुष कोण, तर उत्तर बहुधा तयार असतं. हॉलंडहून आलेला एक अधिकारी, चांगल्या घराण्यातला. नाव ठाऊक असतं, गाव ठाऊक नसतं, साल अंदाजाचं. पणजोबांच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यूच्या तारखा टिपलेल्या असतात, त्याही चार-पाच पिढ्यांमागे जाऊन थांबतात. त्यापलीकडे जायचं तर गाठ पडते डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबाशी. घरातली माणसं जे विसरली, ते कंपनीच्या कारकुनाने पैशाच्या धाकाने लिहून ठेवलं आहे.

1602 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी. आपल्याकडे वेंगुर्ल्याला जिची वखार होती, तीच. तिच्या जवळपास दोनशे वर्षांच्या आयुष्यात युरोपातून आशियाकडे सुमारे दहा लाख माणसं तिच्या जहाजांतून निघाली. परतली ती तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक. 1656 मध्ये कंपनीने पोर्तुगीजांकडून कोलंबो घेतलं आणि 1796 मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेलं. मधल्या काळात बेटाच्या (तेव्हाच्या सिलोनच्या) किनाऱ्यावर जे शिपाई, सुतार, कारकून, खलाशी राहिले, लग्नं करून रुजले, त्यांचे वंशज म्हणजे डच बर्गर.

अठराव्या शतकातल्या जहाजांच्या पगारखतावण्या द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतल्या सात लाखांहून अधिक नोंदी आता नावानिशी शोधता येतात. कप्तान असो की केबिनमधला पोरगा, जहाजावर चढलेल्या प्रत्येकाचं स्वतंत्र खातं. वर नाव आणि गाव, खाली एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा. साधा शिपाई असेल तर महिना नऊ गिल्डर. पण गडी पाय ठेवतो तोच कर्ज घेऊन. दोन महिन्यांची उचल नावे, सामानाच्या पेटीचे पैसे नावे, आणि त्याहून मोठा आकडा एका कर्जरोख्याचा. बंदरातले खाणावळवाले बेकार पोरांना उधारीवर जेवू घालत, कपडे देत, कंपनीत भरती करत आणि बदल्यात त्यांच्या पुढच्या पगारावर रोखा लिहून घेत. हा रोखा दीडशे गिल्डरपर्यंत जाई. हिशेब करा: सोळा महिन्यांहून अधिक पगार निघण्याआधीच गेला!

याच खात्यात कधी मागे राहिलेल्या बायकोला किंवा आईला वर्षाला काही महिन्यांचा पगार पोचवायची सोय नोंदलेली असते. वंश शोधणाऱ्याला ही ओळ सोन्यासारखी. एरवी नावापलीकडे काही न उरलेल्या माणसाला अचानक कुटुंब मिळतं. (सिलोनमध्ये दुसरं लग्न करून बसलेल्याची युरोपातली पहिली बायकोही इथेच भेटू शकते. सगळ्याच शोधांचं घरात स्वागत होतं असं नाही.) खातं बंद होताना शेवटच्या ओळीत तारीख, ठिकाण आणि कारण: वारला, मायदेशी परतला, पळाला.

आणि गाव? तिथे पहिला धक्का बसतो. कंपनीची जवळजवळ निम्मी माणसं हॉलंडची नव्हतीच. जर्मन प्रदेशांतले शेतमजूर, डेन्मार्क-नॉर्वेचे खलाशी असा सगळा भरणा. 1781 मध्ये कंपनीसाठी उभारलेली द म्युरॉन पलटण तर स्विस होती. ती सिलोनमध्ये चाकरीला होती, 1795 मध्ये इंग्रजांकडे गेली आणि चार वर्षांनी टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात लढली. तेव्हा घरातल्या गोष्टीतला 'हॉलंडचा अधिकारी' खतावणीत जर्मन शिपाई निघाला तर नवल मानू नये. त्यातही ॲमस्टरडॅमच्या कारकुनाने परक्या बोलीतलं गाव कानाला लागलं तसं लिहिलेलं, त्यामुळे नकाशावर ते शोधणं हा वेगळाच उद्योग.

आडनावांची तऱ्हा आणखी न्यारी. सामान्य डच माणसाला पिढीजात आडनाव असेलच असं नव्हतं. पीटरचा मुलगा यान म्हणजे यान पीटर्स्झ, त्या यानचा मुलगा हेंड्रिक म्हणजे हेंड्रिक यान्स्झ. दर पिढीला शेपूट बदलणार. सिलोनमध्ये मात्र कुठल्यातरी पिढीत हे नाव गोठलं आणि आडनाव झालं. म्हणून आज यान्स्झ आडनावाची दोन घराणी भेटली तर ती एकाच यानची लेकरं आहेत, असं धरून चालत नाही. सिलोनचे पहिले सरकारी अभिलेखपाल आर. जी. अँथनिस्झ यांचं आडनाव याच जातीचं. 1908 मध्ये कोलंबोत डच बर्गर युनियन स्थापन झाली ती त्यांच्या पुढाकाराने, आणि तिच्या नियतकालिकातून घराण्यांच्या वंशावळी छापून येऊ लागल्या.

इथे खतावणी संपते आणि चर्चच्या वह्या सुरू होतात. कोलंबोचं वोल्फेंडाल चर्च 1757 मध्ये उपासनेसाठी खुलं झालं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचं नाव, आईबाप, तारीख आणि साक्षीदार. नवशिका बापाच्या नावावर झडप घालतो, मुरलेला आधी साक्षीदार वाचतो. कारण साक्षीला उभे राहत ते बहुधा आजी-आजोबा, मामा, आत्या. शिवाय थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, मुलीला आजीचं नाव द्यायची डच रीत होती. एकाच गावात दोन यान्स्झ असले, तर कोणाच्या पोरांची नावं कोणाच्या आजोबांशी जुळतात हे पाहून ते वेगळे काढता येतात. माणूस गाव बदलताना जुन्या मंडळीचं शिफारसपत्र नव्या मंडळीत दाखल करी, त्याचीही नोंद सापडते. आणि एकच पुरावा कधी पुरत नाही. नाव, साक्षीदार आणि खतावणीतली तारीख, तिन्ही एका रेषेत आली की मग माणूस आपला म्हणावा.

आपल्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत जसा बाप-आजोबा-पणजोबा असा धागा पुरुषांकडून चालतो, तसाच युनियनच्या सभासदत्वाचा नियम होता: वंश बापाकडून मोजायचा. पण बाप्तिस्म्याच्या वह्या निराळंच बोलतात. कंपनीचे पुरुष जहाजातून आले, त्यांच्याबरोबर डच बायका फारच थोड्या. लग्नं झाली ती बहुतेक इथल्याच मुलींशी, त्यातही पोर्तुगीज-सिंहली मिश्र घरांतल्या. म्हणून अठराव्या शतकात पुष्कळ 'डच' घरांत मुलं आईच्या मांडीवर शिकली ती पोर्तुगीजची तिथे रुजलेली बोली. डच भाषा चर्चमध्ये आणि कचेरीत.

आता ओंडात्ये घराणं पाहा. कादंबरीकार मायकल ओंडात्ये यांनी 1982 च्या 'रनिंग इन द फॅमिली' या पुस्तकात घरातली आख्यायिका दिली आहे: 1600 साली एक वैद्य आला, त्याने गव्हर्नरच्या मुलीला वनौषधीने बरं केलं, बक्षीस म्हणून जमीन, परदेशी बायको आणि डच वळणाचं नाव मिळवलं. सुंदर गोष्ट, पण 1600 साली सिलोनमध्ये डच गव्हर्नर असणार कुठून? कंपनीच मुळी दोन वर्षांनी जन्मली. घराण्याच्या नोंदींप्रमाणे मूळ पुरुष 1659 च्या सुमारास आला आणि त्याने बरं केलं ते गव्हर्नरच्या बायकोला. हा वैद्य आला होता तंजावरहून. व्यंकोजीराजे तिथे पोचायला अजून दीड दशक बाकी होतं. म्हणजे बापाकडून वंश मोजायची कसोटी काटेकोर लावली, तर हे डच आडनावाचं घराणं तंजावरचं ठरतं! आख्यायिका खोटी मात्र नाही. वैद्य खरा, गव्हर्नर खरा, आजारी बाईही खरी. साल आणि नातं तेवढं निसटलं.

याच घराण्यात 1758 मध्ये कोलंबोत पीटर फिलिप युरियान क्विंट ओंडात्ये जन्मला. बाप पाळक, आई हर्मिना क्विंट, म्हणजे नावात आईचं माहेर शाबूत. शिकायला तो नेदरलँड्सला गेला आणि युट्रेक्टमध्ये नगरातल्या सत्ताधारी घराण्यांविरुद्ध उठलेल्या देशभक्त चळवळीचा पुढारी झाला. 1787 मध्ये प्रशियाच्या फौजेने ती चळवळ मोडली, त्याला पळावं लागलं. 1818 मध्ये तो वारला तो बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात.

कंपनीचे कागद आज द हेग, जकार्ता, कोलंबो, केपटाऊन आणि चेन्नई इथे विखुरलेले आहेत. 2003 मध्ये युनेस्कोने ते जागतिक स्मृतिठेव्यात घेतले. नेदरलँड्समधल्या ग्लोबलाइज प्रकल्पात त्यांतल्या सुमारे 50 लाख पानांची जुनी वळणं संगणक वाचतो आहे. नाव टाकलं की ओळ समोर. पण कारकुनाने ते नाव कसं ऐकलं असेल, तेवढा तर्क अजून शोधणाऱ्यालाच लढवावा लागतो.