क्रियापदांमधली फट

२० जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बराक ओबामा अध्यक्षपदाची शपथ घेत होते. शपथ सांगत होते सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स. त्यांच्या हाती कागद नव्हता, मजकूर पाठ होता. अमेरिकेच्या राज्यघटनेत शब्द आहेत ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट’, म्हणजे हे पद मी निष्ठेने सांभाळीन. रॉबर्ट्स यांच्या तोंडून ‘फेथफुली’ जागेवरून निसटला आणि थेट वाक्याच्या शेवटी जाऊन पडला. ओबामा थबकले. पुढे शब्दांची आणखी थोडी चुकामूक झाली, शपथ पुरी झाली. पण कुणाला शंका काढायला जागा नको, म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये ती पुन्हा घेतली गेली. एका क्रियाविशेषणाने आपली जागा सोडली, तर एवढं होऊ शकतं!

मानसभाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी यावर एक कयास मांडला. सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्ये काही घालू नये, असा एक जुना दंडक इंग्रजीत कित्येकांच्या अंगी मुरलेला आहे. रॉबर्ट्स यांच्या जिभेने नकळत तोच पाळला असावा, असं पिंकर यांचं म्हणणं. इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ साली ‘टू’ आणि त्याचं क्रियापद यांची फोड करण्याला नाक मुरडलं होतं. ती धास्ती ‘विल’, ‘कॅन’, ‘मस्ट’पर्यंत पसरली. फाउलर यांनी १९२६च्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात या धास्तीला निराधार ठरवलं. माझ्या मते फाउलर यांचं बरोबर होतं. इंग्रजीत क्रियाविशेषणाला सर्वांत सहज मानवणारी जागा कुठली असेल, तर ती हीच फट.

आपल्या राष्ट्रपतींच्या शपथेतही, घटनेच्या ६०व्या अनुच्छेदात, ‘फेथफुली’ नेमका तिथेच बसलेला आहे. त्याच शपथेच्या उत्तरार्धात ‘विल’ आणि ‘प्रिझर्व्ह’ यांच्या मध्ये ‘टू द बेस्ट ऑफ माय अबिलिटी’ असे तब्बल सहा शब्द ओळीने उभे आहेत, आणि वाक्य जराही अडखळत नाही.

या फटीत अर्थ फिरवण्याची ताकद आहे. ‘शी विल नॅचरली स्पीक’ म्हटलं, तर साहजिकच ती बोलेल. ‘शी विल स्पीक नॅचरली’ म्हटलं, तर ती बोलेल, पण सहजपणे, आढेवेढे न घेता. शब्द तेच. ‘नॅचरली’ फटीत असताना सगळ्या विधानाबद्दल बोलतो. बाहेर पडला की तो फक्त बोलण्याच्या तऱ्हेबद्दल बोलू लागतो. ‘आय रिअली कान्ट से’ आणि ‘आय कान्ट रिअली से’ हीही अशीच जोडी. पहिल्यात मला खरोखरच सांगता येत नाही. दुसऱ्यात सांगता येत नाही असं नाही, पण खात्रीने नाही. एक पाऊल इकडचं तिकडे झालं आणि ठाम नकाराचा मोघम नकार झाला.

आता मराठीत या. ‘सांभाळीन’, ‘करीन’, ‘येईल’. इंग्रजीतलं ‘विल’ इथे क्रियापदाच्या अंगातच विरघळलेलं आहे, त्यामुळे फटीचा प्रश्नच उरत नाही. पण ‘येऊ शकेल’ घ्या, ‘झालं पाहिजे’ घ्या. इथे दोन शब्द आहेत, मध्ये जागा आहे. मग ‘गाडी येऊ बहुतेक शकेल’ असं रत्नागिरी स्टेशनवर उभं राहून कुणी म्हणेल का? कान लगेच नको म्हणतो. ‘बहुतेक येऊ शकेल’ चालतं, बोलताना ‘येऊ शकेल बहुतेक’ही चालतं, पण मध्ये नाही.

तरीही आपली फट अगदी बंद नाही. तिच्यातून चिमुकले शब्द आत शिरतात: ‘येऊच शकत नाही’, ‘येऊसुद्धा शकेल’, ‘येऊ तरी शकेल’, बोलीत ‘येऊ नाही शकत’. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली सर्वांत गाजलेली घोषणा याच फटीत जन्मली: ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. तो ‘च’ काढून घोषणा म्हणून पाहा. उरते नुसती मागणी.

इंग्रजीची फट इतकी ऐसपैस आणि आपली एवढी अरुंद, असं का? याचं उत्तर मला कळलं तेव्हा मी खरोखर हरखून गेलो. मिरकरवाड्याच्या बंदरातलं एक वाक्य घेऊ: ‘होड्यांनी बहुतेक आधीच मासळी पूर्णपणे उतरवली असेल.’ इंग्रजीत: ‘द बोट्स विल प्रॉबब्ली हॅव ऑलरेडी कम्प्लीटली अनलोडेड देअर कॅच.’ क्रियापदांची दोन टोकं पाहा. इंग्रजीत सहायक आधी, मुख्य नंतर. मराठीत ‘उतरवली’ आधी, ‘असेल’ नंतर. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली जगातल्या अनेक भाषा तपासून नोंदवलं, की कर्ता-कर्म-क्रियापद अशी मांडणी करणाऱ्या भाषांत सहायक क्रियापद मुख्याच्या मागे जातं. मराठी त्याच गोत्रातली.

आणि क्रियाविशेषणं? बहुतेक, आधीच, पूर्णपणे. प्रॉबब्ली, ऑलरेडी, कम्प्लीटली. क्रम तोच! क्रियापदांची बाजू उलटली, पण ही तिघं मैलाच्या दगडांसारखी आपापल्या ठिकाणी उभी. इटालियन भाषाशास्त्रज्ञ ग्युल्येल्मो चिंक्वे यांनी १९९९ साली पुस्तकच लिहिलं, की एकमेकांशी नातं नसलेल्या भाषांतही हा क्रम कमालीचा सारखा आढळतो.

फटीचं कोडं इथेच सुटतं. इंग्रजीत क्रियाविशेषणंही मुख्य क्रियापदाच्या आधी आणि सहायकंही आधीच; दोघांची रांग एकाच बाजूला लागते, म्हणून ती एकमेकांत मिसळतात. मराठीत क्रियाविशेषणं आधी राहिली आणि सहायकं मागे गेली. मध्ये मुख्य क्रियापद आलं, दोन्ही रांगांची गाठच पडेना. ‘च’, ‘सुद्धा’, ‘तरी’ यांचं मात्र तसं नाही. ते कुठल्याच रांगेतले नव्हेत, आधीच्या शब्दाला चिकटून चालतात आणि तो शब्द जिथे जाईल तिथे पोचतात.

पटत नसेल तर होड्यांचं वाक्य उलट्या क्रमाने लावून मोठ्याने म्हणा: ‘होड्यांनी पूर्णपणे आधीच बहुतेक मासळी उतरवली असेल.’ ‘बहुतेक’चा अर्थच पालटला. मघाशी तो अंदाज सांगत होता. आता तो ‘मासळी’ला जाऊन चिकटला आणि किती मासळी उतरली ते सांगू लागला.