ऐकल्यावाचून बोल नाही

कोंबड्याला आरवणे कोणी शिकवीत नाही. बहिरा झाला तरी तो आरवतोच. ऑस्ट्रेलियातील चिमुकल्या झेब्रा फिंच पक्ष्याचे तसे नाही. त्याचा नर लहानपणी बापाचे गाणे ऐकतो व चुकतमाकत गळ्यात बसवितो.

लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्या वाचादोष होता. त्याचा माग काढता २००१ साली ‘फॉक्सपी-टू’ हे जनुक सापडले. ते या पक्ष्यातही आहे. २००७ साली पिलांच्या मेंदूतील गायनकेंद्रात त्याचे कार्य मंद करून पाहिले, तर नक्कल अर्धीमुर्धीच उतरली.

म्हणजे जनुक शिकण्याची ताकद देते. बोल मोठ्यांच्या तोंडूनच यावे लागतात. म्हणून पाळीवरून कितीही थकून आलात तरी घरच्या तान्ह्याशी बोला. तो त्याचा हक्क आहे.