गिलावा का काढला?

मार्च 1877 मध्ये विल्यम मॉरिस चांगलाच संतापला होता. कवी, कापडावरच्या नक्षीचा कसबी कारागीर आणि पुढे समाजवादी झालेल्या या गृहस्थाच्या कानावर आलं होतं की, इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीच्या बाराव्या शतकातल्या ॲबीच्या, म्हणजे मठाच्या चर्चच्या, दुरुस्तीचं काम सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या हाती गेलंय. त्याने ‘अथेनियम’ साप्ताहिकाला जळजळीत पत्र धाडलं आणि त्याच महिन्यात जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था काढली. ती आजही चालू आहे.

स्कॉट काही ऐरागैरा नव्हता. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर त्याच्याच आराखड्यांवर उभे राहिले; भारतात मात्र त्याने कधी पाऊल टाकलं नाही. 1861 मध्ये चिचेस्टर कॅथीड्रलचा मनोरा कोसळला, तो त्यानेच पुन्हा उभारला. जुन्या चर्चेसशी इमान राखून दुरुस्ती करावी, असं सांगणारं पुस्तकही 1850 मध्ये त्यानेच लिहिलं होतं! पण कामं शेकडो आणि काळाची हौस वेगळी. तेराव्या-चौदाव्या शतकातलं गॉथिक तेवढं खरं, बाकी सगळी नंतरची भर, असं मानून त्या पिढीने खिडक्या बदलल्या, सज्जे पाडले आणि आतल्या भिंतींचा गिलावा खरवडून काढला. ओबडधोबड दगड उघडा दिसला की इमारत जुनी वाटते, एवढाच त्यामागचा विचार. मध्ययुगातल्या गवंड्याने तो दगड दिसावा म्हणून रचलाच नव्हता. त्यावर चुना चढायचा आणि चुन्यावर संत, देवदूत रंगवले जायचे. गिलाव्याबरोबर ती चित्रंही गेली. मॉरिसच्या संस्थेला ‘खरवडविरोधी मंडळ’ हे टोपणनाव पडलं, ते यावरूनच. अर्थात स्कॉटच्या पिढीने हात घातला नसता तर त्यातल्या कित्येक चर्चेसवर आज छप्परही नसतं, हेही खरं.

विसाव्या शतकात दुसरा घोटाळा झाला, सिमेंटचा. चुना मऊ असतो. भिंतीतली ओल तो शोषतो आणि हवेत सोडतो. दगडाआधी आपण झिजावं, हेच त्याचं काम. सिमेंट दगडाहून कठीण आणि घट्ट. दरजा सिमेंटने भरल्या की आतल्या पाण्याची वाट बंद होते. मग ते दगडातूनच बाहेर पडू बघतं. वाळताना त्यातल्या क्षारांचे पृष्ठभागाखाली स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. इंग्लंडच्या थंडीत त्याच पाण्याचा बर्फ होतो, म्हणजे आणखी भर. शेवटी सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे राहतात आणि मधला दगड आत गेलेला दिसतो. आता तेच सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरण्याचं काम युरोपभर चालतं. हे काम सावकाशीचं आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, तोवर त्याला ओलसर ठेवावं लागतं आणि गोठण्यापासून जपावं लागतं. कंत्राटदारांना तो का आवडत नाही, हे वेगळं सांगायला नको.

गोव्यात गिलावा काढण्याचा खेळ जांभ्यावर झाला. जुन्या गोव्याचं बॉम जेझूस बॅसिलिका 1594 ते 1605 या काळात जांभ्यात बांधलं. दर्शनी भागातला काळा दगड वसईहून आणला. चर्चच्या भिंतींना बाहेरून गिलावा होता. 1950 च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढून टाकला. पोर्तुगालमध्ये त्या काळी मध्ययुगीन चर्चेसचा गिलावा उतरवून दगड दाखवायची पद्धत होतीच, ती इथे आली. पण जांभा सच्छिद्र. गोव्याचा पाऊस चार महिने झोडपतो. कोकणात अशा भिंती पावसाळ्यात झापांनी झाकतात, हे शेजारच्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं. जवळचंच से कॅथीड्रल आजही पांढरं आहे, आणि लाल उघडं बॉम जेझूस मात्र पर्यटकांना अधिक ‘ऐतिहासिक’ वाटतं.

पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर वाद आहे. लोकांना लाल रंगाची सवय झालीये, तोच आता इतिहास, असं एक म्हणणं. मला ते पटत नाही. सत्तरेक वर्षांची सवय आणि त्याआधीची साडेतीनशे वर्षं, यात जड कोण हे उघड आहे. आणि इथे प्रश्न दिसण्याचा नाहीच, भिंत टिकण्याचा आहे. चुन्याचा गिलावा परत चढवावा.

तुमच्या गावच्या जुन्या दगडी देवळाची वर्गणी निघाली, तर ती देण्याआधी समितीला दोन प्रश्न जरूर विचारा: दरजा कशाने भरणार, आणि दगड कशाने घासणार? उत्तर ‘सिमेंट’ आणि ‘सँडब्लास्टिंग’ (वाळूचा मारा) असेल तर पाकीट तूर्त खिशातच ठेवा, आणि आधी छपराची गळती व पन्हळी दुरुस्त करायला सांगा.