कोरासा आणि चिलखत

अंगावर चढवायच्या लोखंडी संरक्षणासाठी पोर्तुगीज भाषेत दोन मुख्य शब्द आहेत. डोक्यापासून पायांपर्यंतचा सगळा साज म्हणजे ‘आर्मादुरा’. छाती आणि पाठ झाकणारा भाग म्हणजे ‘कोरासा’. कोरासाचे मूळ कातड्यासाठीच्या लॅटिन शब्दात आहे, कारण पत्रा येण्याआधी हे काम जाड चामडेच करी. पुढे हे शब्द रणांगणाबाहेर पडले. काँक्रीटमधल्या सळयांच्या जाळीला आज आर्मादुराच म्हणतात आणि पोलादाने मढवलेली युद्धनौका ती ‘कोरासादू’.

मराठीने पोर्तुगीजांकडून पगार घेतला, चावी घेतली, काडतूसही घेतले. कोरासा मात्र घेतला नाही. त्याची गरजच नव्हती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा दख्खनेत चिलखत बनवण्याची विद्या जुनी झालेली होती.  

इकडचे चिलखत म्हणजे एकमेकींत गुंतवलेल्या बारीक लोखंडी कड्यांचा सदरा. चांगल्या चिलखतात प्रत्येक कडीचे तोंड रिबीट मारून बंद केलेले असे. ‘चार आईना’ या प्रकारात छाती, पाठ आणि दोन्ही बगलांवर एकेक पत्रा येई, हातांवर दस्ताने. कड्या तलवारीची धार अडवतात, पण घावाचा दणका अडवत नाहीत. म्हणून आत कापूस भरलेला जाड अंगरखा लागे. दख्खनच्या उन्हात तो घालून लढणे ही शिक्षाच म्हणायची.

खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या निजामशाहीच्या मलिक अंबरने अशा जड साजापेक्षा भर दिला तो चपळ घोडदळावर आणि गनिमी काव्यावर. मराठा स्वारही बहुधा हलकाच असे. तरी प्रसंग ओळखून चिलखत चढवले जाई: १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाला भेटताना शिवाजी महाराजांनी ते अंगरख्याखाली घातले होते. छत्रपती संभाजीनगरातल्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात असा जुना युद्धपोशाख पाहता येतो.

बंदुकीपुढे कड्यांचा टिकाव लागला नाही. शब्द मात्र टिकला. रणगाड्यांच्या दलाला मराठीत चिलखती दल म्हणतात, आणि त्याचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला आहे.