वसतिगृहाचे वीजबिल आणि मुलांच्या हातातला फोन

घरी महिन्याच्या महिन्याला विजेचे बिल येते. आकडा जरा चढला की घरातली कर्ती माणसे पंख्यांकडे आणि दिव्यांकडे संशयाने पाहू लागतात. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला असे बिल सहसा दिसतच नाही. वर्षाचे शुल्क एकदा भरले की खोलीतला दिवा चार तास जळला काय आणि चौदा तास जळला काय, त्याला सारखेच. घरी शहाण्यासारखा वागणारा मुलगा तेथे बेफिकीर होतो, ह्याचे कारण त्याचे संस्कार पुसले गेले हे नसून त्याच्या डोळ्यांसमोरून आकडा नाहीसा झाला हे होय, असे मला वाटते. नळाच्या पाण्याचे आणि खानावळीतल्या ताटात टाकलेल्या भाताचेही तसेच.

आपल्या ट्रस्टच्या साहाय्याने बेळगावची मुले-मुली धारवाड, कोल्हापूर, पुणे, गोवा अशी दूरदूर शिकावयास जातात. सुटीत ती घरी आली की पालकांची तक्रार एकच असते : सदा फोनमध्ये डोके! तक्रार खोटी नाही. परंतु तो नाहीसा झालेला आकडा मुलांसमोर पुन्हा आणावयाचा असेल, तर ज्यात त्यांचे डोके आहे त्याच वस्तूचा मार्ग धरला पाहिजे. तो कसा धरावा, ह्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. म्हणून हा लेख.

हल्ली विद्यापीठांतून 'शाश्वतता' हा शब्द फार ऐकू येतो. शब्द भारदस्त, अर्थ साधा : आपली आजची गरज भागवावी, पण पुढच्यांच्या वाट्याचे उडवू नये. आपल्या आज्या ज्याला 'पुरवून वापरणे' म्हणत, तेच. ही बुद्धी तरुणांच्या एवढ्या मोठ्या वस्तीत जागवण्यासाठी विद्यापीठे भित्तिपत्रके लावतात, ५ जूनला पर्यावरणदिनी प्रतिज्ञा देववितात, आणि आता तीच भित्तिपत्रके फोनवरून पाठवतात. चित्र सुरेख, त्याखाली पसंतीचे अंगठे शेकड्यांनी. बिल मात्र जेथल्या तेथे!

खरे पाहता समाजमाध्यम हे मुळी वसतिगृहाचेच अपत्य आहे. फेसबुक ४ फेब्रुवारी २००४ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या एका वसतिगृहातून सुरू झाले, ते केवळ तेथील विद्यार्थ्यांसाठी. पुढे इतर विद्यापीठे त्यात आली आणि सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांना खुले झाले. शेजारच्या खोलीतला मुलगा काय करतो, हे जाणण्याची जी स्वाभाविक उत्सुकता असते, तिच्यावर ही सारी इमारत उभी आहे. उपदेश ऐकण्याची तशी उत्सुकता कोणालाच नसते, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार!

ह्या उत्सुकतेचा उपयोग विजेसाठी कसा झाला, ह्याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजचे आहे. तेथे २००५ मध्ये वसतिगृहा-वसतिगृहांत दोन आठवड्यांची चढाओढ लावण्यात आली. आपला पूर्वीचा वापर कोण अधिक कमी करतो, एवढाच प्रश्न. बहुतेक वसतिगृहांना मीटरचे आकडे आठवड्यातून एकदा कळत. थोड्या वसतिगृहांना मात्र त्या घटकेला किती वीज खर्च होत आहे, हे संगणकाच्या पडद्यावर केव्हाही पाहता येई. एकंदर वीजवापर ३२ टक्क्यांनी उतरला. ६८,३०० युनिटे वाचली. त्यातही आठवड्याचा आकडा मिळणाऱ्यांची घट ३१ टक्के, तर ताजा आकडा पाहणाऱ्यांची ५५ टक्के होती. दिवे तेच, मुले तीच, शुल्क तेच. कोणी आपल्या खिशातला पैसा वाचावा म्हणून बटण बंद केले नव्हते.

त्याच चढाओढीत पाण्याचा वापर मात्र अवघ्या ३ टक्क्यांनी घटला. हा आकडा मला वीजबचतीच्या आकड्याइतकाच बोलका वाटतो. रिकाम्या खोलीतला दिवा मालवण्यास काहीच सोसावे लागत नाही. आंघोळ आखूड करण्यास लागते. फोन सवयीला धक्का देऊ शकतो, सुखाला इतक्या लवकर देत नाही. ज्यांना समाजमाध्यम हा सर्व रोगांवरचा उतारा वाटतो, त्यांनी हा ३ टक्क्यांचा आकडा जवळ बाळगावा.

आता संदेश कसा लिहावा, हा प्रश्न. येथेच बहुतेकांचे पाऊल घसरते. ॲरिझोनातील पेट्रिफाइड फॉरेस्ट ह्या राष्ट्रीय उद्यानात लाकडाचे दगड झालेले प्राचीन तुकडे पडलेले असतात आणि प्रवासी ते उचलून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे खुणा केलेले तुकडे ठेवून दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. 'पूर्वीच्या पुष्कळ प्रवाशांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचे रूप बदलले आहे,' अशा आशयाच्या पाटीपाशी ७.९२ टक्के तुकडे गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका,' एवढेच सांगणाऱ्या पाटीपाशी १.६७ टक्के. म्हणजे 'सगळेच असे करतात' अशी हळहळ व्यक्त करणे हे नकळत परवानगी देण्यासारखे ठरले. 'आमच्या वसतिगृहात रोज किती अन्न फेकले जाते पाहा!' असे छायाचित्र गटावर टाकणाऱ्या उत्साही विद्यार्थ्याला ही गोष्ट कोणीतरी सांगावयास हवी.

ह्याच्या उलट बाजूची परीक्षा २ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेतील निवडणुकीच्या दिवशी झाली. फेसबुकवरील सुमारे ६ कोटी १० लाख माणसांवर हा प्रयोग होता. काहींना 'मतदान करा' असा नुसता संदेश दाखवला. बहुतेकांना त्याच संदेशाबरोबर, मत दिल्याचे कळवणाऱ्या त्यांच्या मित्रांचे चेहरे दाखवले. नुसत्या संदेशाने मतदान वाढले नाही. चेहऱ्यांनी वाढले, प्रमाण लहान, पण निश्चित. आणि बराचसा परिणाम घडवला तो जवळच्या मित्रांनी. विद्यापीठाच्या अधिकृत पानावरच्या हजार अनुयायांपेक्षा एका मजल्यावरच्या तीस मुलांचा व्हॉट्सॲप गट अधिक उपयोगी पडेल, असे मी म्हणतो ते ह्यामुळेच.

तुलनेतही एक खोच आहे. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस गावी घरोघर शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवला, तेव्हा जास्त वापरणारे खाली आले. परंतु मुळात कमी वापरणारे वर गेले! आपण उगाच काटकसर करतो, असे त्यांना वाटले असावे. आकड्याशेजारी एक हसरा चेहरा काढून पाठवला, तेव्हा मात्र ती मंडळी कमीवरच टिकली. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. जो आधीच चांगला वागतो त्याला शाबासकी लागते. हे वर्गातही रोज दिसते.

आणि पसंतीचे अंगठे? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की, चारचौघांत एखादे चिन्ह मिरवून पाठिंबा दर्शवणारी माणसे पुढे प्रत्यक्ष मदत मागितल्यावर, गुपचूप पाठिंबा देणाऱ्यांपेक्षा कमी मदत करतात. दिखाव्यानेच कर्तव्य झाल्यासारखे वाटते. तेव्हा किती जणांना संदेश आवडला हे मोजू नये, मीटर मोजावा.

आपल्याकडे हे कोठून सुरू करावे? कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या विस्तीर्ण आवारात पावसाचे पाणी तळ्या-विहिरींतून साठवले जाते, आणि २०१९ च्या महापुरात शहराची पाणीयोजना बंद पडली तेव्हा ह्याच साठ्याने शहराला आधार दिला. असे तळे ज्या आवारात आहे तेथे वेगळा मीटर तरी कशाला हवा? एकाच ठिकाणी उभे राहून दर सोमवारी तळ्याचे छायाचित्र घ्यावे आणि मजल्यामजल्याच्या गटावर टाकावे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत उतरले, हे फेब्रुवारीपासून मेपर्यंत मुले आपल्या डोळ्यांनी पाहतील. खानावळीत उरलेले अन्न तोलून, कालच्यापेक्षा किती किलो कमी झाले ते कळवावे. एकट्यादुकट्याचे नाव मात्र कधी घालू नये. आकडा इमारतीचा असावा, कारण लाजलेला मुलगा प्रथम गट सोडतो आणि दिवा तसाच राहतो.

विजेच्या बाबतीत अडचण निराळी आहे. अनेक संस्थांत चार-पाच इमारती मिळून एकच मीटर असतो. अशा ठिकाणी चढाओढ लावणार कोणाशी? म्हणून आपल्या मुलांच्या प्रवेशासाठी जे पालक यंदा वसतिगृहे पाहावयास जातील, त्यांनी खोलीचा पंखा आणि न्हाणीघर पाहून झाल्यावर रेक्टरसाहेबांना आणखी एक प्रश्न विचारावा : प्रत्येक इमारतीला स्वतंत्र मीटर आहे काय, आणि त्याचा आकडा मुलांना कळवण्यास त्यांची हरकत आहे काय?