सामान पक्के, प्रवास सुखाचा

सुट्टी लागली की ऑस्ट्रेलियातील कित्येक कुटुंबे जीपला छोटा ट्रेलर जोडून रानात मुक्कामाला निघतात. तंबू, पाण्याचे कॅन, स्टोव्ह, मुलांच्या सायकली असा सारा संसार त्या ट्रेलरवर असतो. देशाच्या वायव्य भागातला गिब रिव्हर रोड अशा सहलींसाठी प्रसिद्ध आहे. सुमारे ६६० किलोमीटर लांबीचा हा रस्ता मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी तयार झाला. त्याचा बराचसा भाग खडी-मातीचा असून त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उमटलेल्या असतात.

अशा रस्त्यावर ट्रेलर सतत थरथरतो. घरून करकचून बांधलेली दोरीही हळूहळू सैल पडते आणि एखादा भरलेला कॅन उसळून रस्त्यावर पडतो. पुढे बसलेल्या कुटुंबाला त्याची गंधवार्ताही नसते. धुळीच्या लोटातून मागे येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या मात्र तो जिवावर बेतू शकतो. म्हणूनच सामान बांधणे हे निघायच्या घाईत उरकण्याचे काम नव्हे.

आधी रचना, मग बांधणी

जड वस्तू तळाशी आणि चाकांच्या आसापेक्षा किंचित पुढे ठेवाव्यात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीवर यावा, असा ठोकताळा आहे. सगळा भार मागे गेला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हेलकावे खातो आणि गाडीलाही ओढतो. फटींमध्ये पांघरुणे कोंबावीत. तळाशी रबरी चटई अंथरली तर पेट्या सहजी सरकत नाहीत.

जोर किती लागतो?

ब्रेक दाबला की सामान पुढे झेपावते. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनानुसार बांधणीने पुढच्या बाजूला सामानाच्या पूर्ण वजनाइतका आणि मागे व दोन्ही बाजूंना निम्म्या वजनाइतका जोर पेलला पाहिजे. म्हणजे ४० किलोच्या ट्रंकेसाठी पुढे ४० आणि इतर बाजूंना २० किलो. नायलॉनची दोरी ताणली जाते, म्हणून खटक्याने आवळायचे पॉलिएस्टरचे पट्टे चांगले. पट्टा जितका उभा, तितका तो सामान घट्ट दाबतो. तळाशी ३० अंशांचा कोन असेल तर ताणाचा निम्माच जोर खाली लागतो. धारदार कडेवर पट्टा घासून तुटतो, तेथे गोणपाटाची घडी घालावी. हूक असलेली रबरी दोरी फक्त हलक्या वस्तूंसाठी वापरावी. ती निसटली तर डोळ्याला इजा होऊ शकते. गॅसचा सिलिंडर नेहमी उभा आणि मोकळ्या हवेत बांधावा.

थांबा आणि पाहा

अमेरिकेत मोठ्या मालवाहू गाड्यांच्या चालकांनी पहिल्या ८० किलोमीटरच्या आत बांधणी तपासावी, असा नियम आहे. खडबडीत रस्त्यावर तर १५-२० किलोमीटरवरच उतरून प्रत्येक पट्टा हाताने ओढून पाहावा. त्यानंतर चहापाण्यासाठी थांबाल तेव्हा पुन्हा पाहावे.

आपल्याकडे असे ट्रेलर कमी दिसतात. पण लडाख-स्पितीला निघालेल्या जीपच्या टपावर बॅगा असतातच. त्यांनाही हेच नियम लागू पडतात. दहा मिनिटांचा हा खोळंबा मुलांना कंटाळवाणा वाटेल, पण मागून येणाऱ्या अनोळखी कुटुंबाचीही काळजी त्यात असते.